गयामावशीची चारशे गाणी

गयामावशीला एकाही गाण्याचं नाव माहीत नव्हतं. तिच्या बटनांच्या मोबाईलमध्ये साखरखेर्ड्याच्या दुकानातून भरून आणलेली चारशे गाणी होती, पण कोणतं गाणं कोणत्या पिक्चरचं, कोणी म्हटलंय, काही काही ठाऊक नाही. तिची नावं वेगळीच. 'जेवणानंतरचं', 'पाय दुखल्यावरचं', 'माहेर आठवणारं', 'चहा उशिरा आला त लावायचं'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून हसून खालीच बसले. तर ती शांतपणे म्हणाली, "हास बाप्पा. तुह्या आईले खोकला आला त तू काय म्हणतं? खोकल्याचं औषध दे म्हणतं का कारखान्याचं नाव घेतं?"

ती माझी सख्खी मावशी नाही. आईच्या माहेरच्या गावची, म्हणून मावशी, आणि त्याच नात्यानं ती माझ्या बाबांना 'जवाईबापू' म्हणायची. उंच बाई, ओळींमध्ये वाकून वाकून पाठीत थोडी बाक आलेली, चष्म्याला काळा दोरा, आणि चिमटा कायम अंबाड्यात खोचलेला. आमच्याकडे क्रॉसिंगला येणाऱ्या बारा बायांची ती म्होरकी होती.

क्रॉसिंग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, हिरव्या जाळीचं मोठ्ठं घर समजा. त्यात आम्ही कंपनीसाठी मिरचीचं बियाणं पिकवतो. दुपारी, उद्या उमलेल अशी कळी हेरायची. कळी केवढी, तर तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. चिमट्यानं तिच्या पाकळ्या आणि आतले पाच-सहा बारीक नर काढायचे, मधली मादी काडी तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावायची आणि देठाला लोकरीचा धागा बांधायचा. प्रत्येक दिवसाच्या धाग्याचा रंग वेगळा, ही मावशीची पद्धत.

आता गोम अशी की कळी आधीच उमलली असेल तर तिच्यावर तिची स्वतःचीच पावडर पडलेली असते. त्या कळीची मिरची बाहेरून अगदी तशीच दिसते, पण आत बियाणं मिसळलेलं. कंपनी आमच्या बियाण्याचा नमुना पेरून बघते, तेव्हा कुठे ते उघडं पडतं, आणि त्याला कितीतरी महिने लागतात. मिसळ जास्त निघाली तर सगळंच्या सगळं बियाणं बाद, आणि पुढच्या वर्षी प्लॉट, म्हणजे कंपनीचं काम, तेही मिळत नाही. म्हणजे आमचं वर्ष बारा बायांच्या बोटांवर. आणि मावशीचं म्हणणं, बोटं कानावर.

तिचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी पावडर लावताना संथ अभंग. का, तर "हात मऊ पडते." जेवणानंतर डोळे मिटायला लागले की जुनी जोडीची गाणी, त्यानं तिला विचारायचं आणि तिनं लाजायचं अशी. बाया आपोआप एकमेकींना चिमटे काढायला लागायच्या, झोप पळायची. पण तीन वाजता नर काढायला बसलं की शब्दांची गाणी बंद. फक्त बासरी.

मी एकदा विचारलं, "मावशी, शब्दांनी काय बिघडतं?"

"बाई शब्दामागं जाते न. थो कोणाले सोडून गेला, थे काऊन रडली, सारा इचार डोक्यात. चिमटा कळीवर आन बाई पिक्चरमधी."

आणि पाच वाजता, सुट्टी व्हायच्या आधी, एकदम नाचरं गाणं. मला वाटायचं काम संपल्याचा आनंद असेल. तर म्हणाली, "काम कुठं संपते? घरी जाऊन चूल पेटवाची हाय. जराशी अंगात तरी यिऊ दे."

दिवाळी जवळ आली की भावा-बहिणीची गाणी ती चक्क लपवून ठेवायची. एखादी बाई "लाव न मावशी" म्हणाली तरी नाही. "तिचा भाऊ तीन वर्षं झाले आला नाई," मला हळूच सांगायची. "गाणं ऐकून सगळ्याइले गोड वाटन आन थे एकटीच खाली मान घालून बसन. अकरा जणीच्या गोडासाठी कायले लावू?" गाण्याला ती कधी चांगलं-वाईट म्हणायची नाही. तिच्या तोंडात एकच असायचं, "कोणाले आन कव्हा, थे पाय."

आणि छायाकाकू-मंगलकाकूचं ते भांडण. या दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात, आणि नळावरून वाजलं. दोन दिवस बोलणं बंद. शेजारच्या ओळीत पाठीला पाठ लावून बसायच्या, आणि आपटून आपटून पावडर लावायच्या. मावशीनं काही समजूतबिमजूत घातली नाही. सवाल-जवाबाची एक कव्वाली लावली आणि म्हणाली, या हाताच्या बाया सवाल म्हणतीन, त्या हाताच्या जवाब देतीन. छायाकाकू इकडे, मंगलकाकू तिकडे. दोन फेऱ्या दोघी नुसत्याच पुटपुटल्या. तिसऱ्या फेरीला छायाकाकूनं आपल्या मनाचाच सवाल जोडला, अगदी चालीत: नळाले पाणी आलं त हंडा कोणाचा पहिले? सगळं शेडनेट थांबलं. मंगलकाकूनं चिमटा खाली ठेवला आणि तालात उत्तर दिलं: जिची झोप पहिले मोडली तिचा. मग जो हशा झाला, बाबा बाहेरून पळत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला ते गमतीचं वाटायचं. गमतीचंच. मी बुलढाण्याला शेतीचं शिकते, तर माझ्या डोक्यात होतं की मावशी छान आहे, पण हे आपलं मनाचं काहीतरी आहे. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी बुलढाण्याहून एक स्पीकर घेऊन आले, घागरीएवढा, धप्प धप्प वाजणारा. मावशीनं तो उचलून पाहिला आणि म्हणाली, "जड हाय बाप्पा. याच्यात पाणी भरते का?"

दोनच दिवसांनी तिला डोणगावहून फोन आला. मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात भरती केलं होतं. मावशीनं तशा घाईतही आपली ओळ पुरी केली. उद्या धागा कोणता, तर पांढरा, तेही सांगितलं आणि निघताना मला म्हणाली, "रेणू, गाण्याचं तू पाय. तीनले शब्द बंद. ध्यानात ठेवजो." मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी तीनला खरंच बासरी लावली. चारपर्यंत मला इतका कंटाळा आला ना, की मी वरातीतली गाणी लावली. आणि काय सांगू, सगळ्या बाया खुलल्या. खांदे हलायला लागले, मंगलकाकू बसल्या बसल्या नाचत होती, चिमटे टिकटिक टिकटिक चाललेले. दुसऱ्या दिवशी सकाळी धागे मोजले तर एरवीपेक्षा कितीतरी जास्त. बाबा स्पीकरजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे त पहिलेच आणाचं होतं." मी हवेत. सलग तीन दुपारी तेच. जांभळा, केशरी, गुलाबी, तिन्ही रंगांनी झाडं गच्च भरली.

तिसऱ्या दुपारच्या कळ्यांना सकाळी धागे बांधून होतायत तोवर मावशी आली. नात झाली होती, बुंदीचा पुडा घेऊन आली होती. बायांनी तिला कौतुकानं सगळं सांगितलं, किती धागे, कसं भराभर. ती ऐकत होती, हसत होती. मग ओळीत शिरली आणि झाडाकडे बघायचं सोडून खाली जमिनीकडे बघायला लागली. उकिडवी बसली, गळलेल्या पाकळ्या वेचल्या आणि तळहातावर घेतल्या.

"ह्या कालच्या का व?"

"हो, कालच्याच."

"पाय बरं. पांढऱ्या हायेत."

मला कळेना. मिरचीचं फूल पांढरंच असतं. तिनं झाडावरची एक बंद कळी काढून तिची पाकळी माझ्या हातावर ठेवली. हिरवट होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेळेवर काढलेल्या कळीची पाकळी हिरवट पडते. खाली पडलेल्यांतल्या कितीतरी शुभ्र होत्या. म्हणजे त्या कळ्या आधीच फुटलेल्या होत्या.

मावशी मला ओरडली नाही. अंबाड्यातला चिमटा काढून दिला आणि म्हणाली, "तुहं गाणं लाव. दहा कळ्या काढ." मी भराभर काढल्या. काढताना मला दिसत होतं, माझा अंगठा ठेक्यावर चाललाय. दहातल्या चार कळ्यांच्या पाकळ्या पांढऱ्या. मग बासरी. दुप्पट वेळ लागला. दहाच्या दहा हिरवट.

"मोठी कळी हाताले लवकर घावते," ती म्हणाली. "ठेका पळाला की हात सोपी कळी धुंडते. आन सोपी कळी त फुटेल राह्यते."

कॉलेजात आम्हाला कळी कधी फुटते त्याचा आख्खा धडा आहे. अंगठ्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

ती सरळ बाबांकडे गेली. "जवाईबापू, तीन दिवसाचे धागे तोडा लागतीन."

बाबांचा चेहरा उतरला. "सगळे? मावशी, त्याच्यातल्या थोड्याच खराब असतीन."

"हाव, थोड्याच. कोणत्या थे सांगा, तेवढ्याच तोडतो."

"परवा कंपनीचा माणूस येते धागे पाहाले," ते म्हणाले. "पंधराच दिवस राह्यले सीझनचे. आन बाहेरून कोणाले दिसते?"

"दिसत नाई म्हणूनच म्हणतो. दिसलं असतं त निवडून काढलं असतं."

"सगळे प्लॉटवाले एवढं बारीक पाहात नाईत मावशी."

"त मंग त्याइच्या बाया त्याइले सांगतीन. मी तुमची बाई हावो."

बाबा चिडले नाहीत. बाहेर जाऊन टाकीपाशी उभे राहिले, पाठमोरे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी केलं होतं सगळं, आणि ते दोघं माझं नावसुद्धा घेत नव्हते.

मावशी तिच्या स्वतःच्या ओळीत जाऊन बसली आणि धागे तोडायला लागली. मी बघितलं, तर पांढरे. ती गावाला जायच्या दुपारी तिनं काढलेल्या कळ्यांचे.

"मावशी, अगं हे तुझ्या दिवसाचे आहेत. तेव्हा बासरी होती."

"बासरीच होती."

"मग?"

ती हात न थांबवता म्हणाली, "बासरी होती, पण मले त्यातला एक सूर आठवत नाई पोरी. माही लेक तिकडं दवाखान्यात. मी कळी काढून राह्यली आन कान फोनकडं. त्या दोन घंट्यात माहे हात कुठं होते, मलेच ठावं नाई." मग पुढचा धागा तोडत म्हणाली, "गाणं कानापोतर येते. पुढचं त्याच्या हाती नाई."

आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की या बाईच्या मते गाणं म्हणजे जादू.

तिच्या त्या ओळीवर कोणी बोटसुद्धा ठेवलं नसतं. तिलाही माहीत होतं, बाबांनाही. जाळीतून सगळं दिसतं. बाबा आत आले, मावशीच्या समोरच्या टोकाला बसले आणि त्यांनी जांभळा धागा तोडला. मग दुसरा.

मग बायांना सांगावं लागलं. त्यांची तोंडं बघवत नव्हती. तीन दिवस ज्या झाडांपाशी नाचल्या, त्यांच्यावरचं आपलंच काम आपल्याच हातानं तोडायचं. धाग्यांबरोबर टाचणीच्या डोक्याएवढ्या मिरच्या पडत होत्या. कोणीतरी नाक ओढलं. मी मावशीजवळ जाऊन हळूच विचारलं, "काय लावू?"

"काहीच नको."

आणि तिनं स्वतःच भुलाबाईचं गाणं धरलं, सासूला नावं ठेवणारं. ते दिवस भुलाबाईचेच होते, घराघरात पोरी संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणत होत्या. मावशीचा आवाज काही गोड नाही, फाटकाच आहे. पण तिनं दुसरी ओळ म्हटली तशी मंगलकाकू मान वर करून म्हणाली, "असं नाई मावशी. आमच्या माहेरी सासूले दिसत नाई, ऐकू येते."

"आमच्याकडं दिसते आन ऐकू येत नाई," मावशी म्हणाली.

"आमच्याकडं दोन्ही येते," छायाकाकू म्हणाली, "तेच त दुःख हाय."

बारा बायांची बारा माहेरं, बारा चाली. प्रत्येकीला आपलंच गाणं खरं. भांडण, हसणं, पुन्हा पहिल्यापासून. हात चालूच होते. मंगलकाकू टोपल्यात बघून म्हणाली, "मोठ्या असत्या त ठेचा तरी झाला असता. सासूच्या सोभावासारखा."

"हळू बोल," छायाकाकू म्हणाली. "थे माहीही सासू हाय, सांगून देईन."

सुट्टीपर्यंत झाडं मोकळी झाली. घरी जाताना कोणी रडत नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी कोणतंही भरलेलं गाणं चाललं नसतं, अगदी चारशेतलं एकही. आनंदाचं लावलं असतं तर चिडवल्यासारखं झालं असतं, दुःखाचं लावलं असतं तर सगळ्या खचल्या असत्या. त्यांना भांडायला काहीतरी हवं होतं, आणि ते मावशीला समजलं.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, झाडं बघून तोंड वाकडं केलं. बाबांनी त्याला सरळ खरं सांगितलं. तो लिहून घेऊन गेला. उरलेल्या दिवसांत मी सुट्टी वाढवून मावशीच्या शेजारच्या ओळीत बसले, तीन ते पाच, बासरी. माझ्या ओळीची एकेक पाकळी ती उचलून बघायची. पहिल्या दिवशी तिनं माझं निम्मं काम तोडायला लावलं.

थंडीत मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बारीक काम पुन्हा नको, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि लेक तिला डोणगावला घेऊन गेली. उन्हाळा सरताना कंपनीचा बाबांना फोन आला, बियाणं पास. फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणाले, "फोनवर नको सांगू तिले. जाऊन सांग." मी दुसऱ्या दिवशी डोणगावची एसटी धरली.

मावशी काळा चष्मा लावून ओसरीत बसली होती, झोळीत नात. मी पायरी चढायच्या आतच तिनं विचारलं, "पास?"

"पास."

तिनं झोळीला झोका दिला. मग पदरानं चष्म्याखालून डोळे पुसले आणि म्हणाली, "औषधानं पाणी येते." मी हो म्हटलं.

"माही ओळ कोणाले देल्ली?"

"अजून कोणालाच नाही."

"तू बस."

मला तेच हवं होतं. मी घाईघाईनं वही काढली. "मावशी, मी सगळं लिहून ठेवलंय. आठला अभंग, जेवणानंतर जोडीची, तीनला बासरी, पाचला नाचरं. तुझी गाणी मी माझ्या फोनमध्ये घेते, म्हणजे अगदी तसंच चालेल."

ती ऐकत राहिली. "आन मी गाणं लावाच्या पहिले काय करत होती?"

मी आठवलं. रोज सकाळी ती दारात उभी राहायची, बाया आत जाईपर्यंत, कमरेशी चाचपत. "मोबाईल शोधायचीस."

"मोबाईल कमरेलेच होता बाप्पा." ती हसली. "तोंडं पायत होती मी. कोण झोपली नाई, कोण भांडून आली, कोण जेवून आली नाई. बारा तोंडं पायली की मंग बटन. वहीतलं आठचं गाणं आठले लावलं न, त तुहा थो स्पीकर काय वाईट होता?"

मी वही मिटली.

यंदा क्रॉसिंग सुरू झालं त्या सकाळी मी शेडनेटच्या दारात उभी राहिले. फोन हातात, अभंग काढून ठेवलेला. बाया एकेक करत आल्या. मंगलकाकू हसत आली, नव्या चपला दाखवत. बाकीच्या आल्या. छायाकाकू सगळ्यात शेवटी, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि डोळे सुजलेले. आठ वाजले होते.

मी म्हटलं, "काय झालं काकू?"

"काई नाई व," ती म्हणाली, आणि दारातच क्रेटवर बसली. मग सांगायला लागली. मंगलकाकू चपला काढून तिच्याजवळ येऊन बसली, मागोमाग दोघी-तिघी. बाबा टाकीपाशी उभे होते, त्यांनी घड्याळ बघितलं आणि दुसरीकडे निघून गेले. काम अर्धा तास उशिरा सुरू झालं, आणि तोपर्यंत कोणीही गाणं मागितलं नाही.